ऊसगाडीवरचा भागाकार

हजेरीचं नवं ॲप आलं, त्या आठवड्यात मी रोज सकाळी शाळेत असून शाळेत नव्हते. वर्गाच्या दारात उभं राहून मोबाईलवर बोट टेकवलं की तो सांगायचा, आपण शाळेच्या परिसरात नाही. मग मी पायरीवर जायची, तिथून झेंड्याच्या ओट्यावर, तिथून पाण्याच्या टाकीपाशी. टाकीपाशी कधीकधी त्याला पटायचं. तोवर पहिलीतली पोरं एकमेकांच्या पाट्या पुसून मोकळी झालेली असायची आणि त्यातली दोघंतिघं रडत असायची. एकदा मी वैतागून मोबाईल गुरुजींच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीच बघा, मी आहे का इथं." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आधी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, याच्या मते नाही."

गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. शाळेत शिक्षक आम्ही दोघंच. पाथर्डी तालुक्यातलं, डोंगराच्या अंगाला टेकलेलं गाव, आणि पहिली ते चौथीची सरकारी शाळा. माझं माहेर राहात्याकडचं. पेरूच्या बागा आणि पाटाचं पाणी बघत मी वाढले. बदली होऊन इकडे आले तेव्हा दिवाळीनंतर गावं रिकामी होतात हे ऐकून होते. पण ही माणसं ऊस तोडायला जातात ती माझ्याच माहेरच्या बाजूला, कोपरगावच्या अंगाला, आणि जाताना माझ्या वर्गातली पोरंही घेऊन जातात, हे पहिल्या हिवाळ्यात रिकाम्या सतरंज्या बघून कळलं. जूनमध्ये भरलेली शाळा भाऊबीज झाली की निम्म्यावर येते.

ॲपला हे सांगायची सोय नव्हती. हजर किंवा गैरहजर. तिसरा पर्याय होता स्थलांतरित, पण तो निवडला की पोर ज्या शाळेत गेलं त्या शाळेचा क्रमांक विचारायचा. उसाच्या फडाला शाळेचा क्रमांक नसतो. रकाना मोकळा ठेवला तर माहिती जतन व्हायची नाही, आणि जतन झाली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रप्रमुखांचा फोन यायचा, की बाई, तुमची शाळा लाल दिसतेय.

त्याच वर्षी आम्हाला मोठा डिजिटल फळा मिळाला. कुणा दानशूर मंडळींनी दिला होता. गावानं नारळ फोडला, फळ्याला हार घातला, सरपंचांनी बोट लावून त्यावर एक रेघ ओढली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर जेव्हा जेव्हा मी तो सुरू केला, तेव्हा तेव्हा त्यावर अक्षरं यायची की अद्ययावत करणं चालू आहे, कृपया बंद करू नका. मी बंद करत नव्हते, पण वीज जायची. वीज आली की तो पुन्हा पहिल्यापासून अद्ययावत व्हायला लागायचा. पोरं त्याच्यासमोर मांडी घालून शहाण्यासारखी बसायची आणि ती गोल फिरणारी खूण बघत राहायची. एकीनं विचारलंही, "बाई, ह्ये आपल्याला काय शिकवतंय?" शेवटी मी त्यावर जुनी साडी टाकली आणि शेजारच्या लाकडी फळ्यावर पाढे लिहिले.

मला तंत्रज्ञानाचा राग आहे असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. कोविडच्या काळात मीच तालुक्यातल्या शिक्षकांना मोबाईलवर धडे कसे तयार करायचे ते दाखवलं होतं. पालकांचा ग्रुप मीच काढला होता. मला ते आवडायचंही. माझा राग असा होता की माझ्या हातात येणारी प्रत्येक नवी गोष्ट मला पोरांपासून एक पाऊल लांब, टाकीपाशी नेऊन उभी करत होती.

तर त्या वर्षी चौथीत एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. बारीक चणीची, दोन वेण्या, उजव्या कानामागं कायम पेन्सिल खोचलेली, सुताराच्या असते तशी. वाचनात बेताची, पण आकड्यांत तिचं डोकं पळायचं. गुणाकार दिला की बाकीची पोरं पाटी उचलायच्या आत हिचं उत्तर तयार. आणि नेमकं भागाकाराला आल्यावर गाडं अडलं. साधे भागाकार यायचे, पण उत्तरात मधे शून्य आलं की ते शून्य ही खाऊन टाकायची. सहाशे बाराला सहानं भागलं की हिचं उत्तर बारा. मी चारदा समजावलं. प्रत्येक वेळी मान हलवायची आणि पुन्हा बारा लिहायची. आणि तेवढ्यात दिवाळीची सुट्टी लागली.

सुट्टी संपल्यावर तिसऱ्या दिवशी तिची आई आणि वडील शाळेत आले. गाडी भरून झाली होती, दुपारी निघणार होते. आई दाराशीच उभी राहिली. मी नेहमीचं बोलून बघितलं. पोरीला मागं ठेवा, नातेवाइकांकडे ठेवा, आम्ही लक्ष देतो.

"बाई, तिला न्ह्यावंच लागतंय," आई म्हणाली. "धाकटं दीड वरसाचं हाय. आमी दोगं फडात गेल्यावं त्येला कोन धरनार?"

मुलगी दप्तर पोटाशी धरून उभी होती. तिनं मला विचारलं, "मंग भागाकार?"

मी विचार न करता म्हणाले, "मी फोनवर शिकवीन."

वडलांनी खिशातून फोन काढला. कोपऱ्यात काच तडकलेली होती. "फोन माझ्याकडं असतोय बाई. पर तुमी धाडा. ऐकवीन तिला," ते म्हणाले. मी त्यांचा नंबर तपासून घेतला, ग्रुपमध्ये होताच. दुपारी गाडी गेली.

मग मी कामाला लागले, आणि मला कबूल करायला हवं की मोठ्या हौसेनं लागले. पहिला व्हिडिओ आम्ही एका शनिवारी शाळा सुटल्यावर केला. मी फळ्यासमोर, गुरुजी मोबाईल धरून. अर्धा तास मी शून्याचं महत्त्व सांगितलं. नंतर बघितलं तर गुरुजींनी माझं मस्तक आणि फळ्याचा वरचा अर्धा भाग सोडून बाकी सगळं व्यवस्थित टिपलं होतं, त्यात त्यांचं स्वतःचं खोकणंही होतं. दुसऱ्यांदा केला तो बरा झाला. तो पाठवायला टाकीपाशी उभी राहिले. दुपार गेली. गोल खूण फिरत राहिली आणि शेवटी व्हिडिओ गेला नाही. दुसऱ्या दिवशी तुकडे करून पाठवले तर तिकडून उत्तर आलं नाही, आणि त्या तुकड्यांखाली निळ्या खुणाही आल्या नाहीत.

मग मी नुसता आवाज पाठवायचं ठरवलं. आवाज हलका असतो, लगेच जातो. रोज दुपारच्या सुट्टीत पोरं खिचडी खाऊन पांगली की मी कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसायची आणि मोबाईल तोंडापाशी धरून बोलायची. "आज आपण बघू, शंभराच्या घरात भाग गेला, दहाच्या घरात गेला नाही, तर काय करायचं." दहा मिनिटं, कधी पंधरा. शेवटी दोन उदाहरणं द्यायची. आणि संध्याकाळपर्यंत त्याखाली दोन निळ्या खुणा उमटायच्या. ऐकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं. मला इतकं बरं वाटायचं की मी सुट्टीतली भाकरी तशीच डब्यात घरी न्यायची.

उदाहरणांची उत्तरं काही येत नव्हती. मी मनाशी म्हणायची, फोन वडलांचा, पोरीला लिहून पाठवता येत नसेल. ऐकतेय ना, बस झालं.

डिसेंबरच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, मी हे सांगितलं. सांगायला नको होतं. तालुक्याहून एक साहेब आले होते. ते एकदम ताठ बसले. "हाच तर उपक्रम पाहिजे आपल्याला," ते म्हणाले. "ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ऑनलाइन शिक्षण. बाई, तुम्ही पुढच्या महिन्यात सादरीकरण करा. पंधरा स्लाइड. आणि फोटो हवेत. मुलीच्या हातात मोबाईल, शेजारी ऊस, असा एक फोटो मिळाला तर उत्तमच."

टाळ्या पडल्या. मी उभी राहून नमस्कार केला. घरी येताना एसटीत मी मनातल्या मनात स्लाइडा रचत होते. पहिल्या स्लाइडवर निळ्या खुणांचा फोटो घ्यायचा असंही ठरवलं.

संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा भावाला म्हणाले, मला जरा कोपरगावच्या बाजूला सोड. त्याच्या मोटारसायकलवर आम्ही निघालो. मुलीच्या वडलांना सकाळी फोन केला होता, त्यांनी खुणा सांगितल्या होत्या. कारखान्याच्या अलीकडे, पाटाच्या चारीच्या कडेला मोकळ्या रानात तोडकऱ्यांच्या कोप्या होत्या. उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या, वाकून आत जावं लागेल अशा. बाहेर टायरगाड्या, म्हणजे टायरची चाकं लावलेल्या बैलगाड्या उभ्या, बैल वाढे, उसाचे हिरवे शेंडे, खात होते. त्या दिवशी कारखान्यानं काही कामासाठी गाळप थांबवलं होतं, म्हणून माणसं भेटली.

मुलगी चारीवर भांडी घासत होती. कमरेवर भाऊ. मला बघून ती उठली, हात झग्याला पुसले आणि नुसती उभी राहिली. पेन्सिल कानामागं नव्हती. तेवढं मला लगेच दिसलं.

आईनं पोतं अंथरलं, चहा टाकला. मी पोरीला जवळ बसवलं आणि विचारलं, "माझे आवाज येतात ना गं तुला?"

"येत्यात की."

"ऐकतेस?"

तिनं वडलांकडे बघितलं. वडील जरा संकोचले. मग म्हणाले, "म्या ऐकतो बाई. खोटं कशाला बोलू. कारखान्याच्या वजनकाट्यावं नंबर लागायला चार चार तास जात्यात. गाडी रांगेत, बैलं उबी, आमी उबं. मंग लावतो तुमचा आवाज. म्होरलं मागलं गाडीवालंबी येऊन ऐकत्यात. लई झ्याक सांगता तुमी."

"आणि हिला कधी ऐकवता?"

"हितं येस्तवर फोनमदी काय राहत न्हाई बाई. चार्जिंग हाटेलावं करावं लागतंय."

दोन महिने. रोज दुपारी तांदळाच्या पोत्यावर बसून मी दहा-दहा मिनिटं बोलले होते. आणि माझा भागाकार ऐकत होते कारखान्याच्या रांगेतले गाडीवान. मला हसू आलं नाही. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून मी पोरीवरच काढला. "तू मागून घ्यायचास ना फोन. तुझ्यासाठीच पाठवत होते ना मी."

तिनं भावाला एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतलं. मग खाली बघत म्हणाली, "म्या ऐकलं हुतं दोन-तीनदा. तुमी लई भराभर बोलता."

"मग पुन्हा लावायचं. तेच तर बरं असतं त्यात, कितीदाही ऐकता येतं."

"पुन्यांदा लावलं तरी त्येच बोलता," ती म्हणाली. "शाळंत म्या थांबा म्हनलं की थांबता. त्याच्यात थांबत न्हाई."

चहा आला. मी तो घेतला. कोविडमध्ये शिक्षकांना धडे कसे करायचे शिकवणारी मी, मला हे एका चौथीतल्या पोरीकडून ऐकावं लागलं. सगळ्या प्रशिक्षणांत मला आवाज स्वच्छ कसा ठेवायचा, पार्श्वभूमी कोणती घ्यायची, शेवटी प्रश्न कसे द्यायचे हे सांगितलं होतं. पोराला मधेच थांबा म्हणता येईल का, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं.

मी काटकी घेतली आणि धुळीत लिहिलं, सहाशे बारा भागिले सहा. तिनं काटकी घेतली आणि बारा लिहिलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात वडील म्हणाले, "आगं, काल सांगितलं ना तुला. सहा गाड्या. सहाशे बारा मोळ्या. सारख्या भरायच्या. येका गाडीत किती?"

पोरीनं धुळीतल्या बाराकडे बघितलं.

"बारा मोळ्यांची गाडी घेऊन काट्यावं गेलो तर लोकं काय म्हनत्याल?" वडलांनी विचारलं.

"हसत्याल," ती म्हणाली. "गाडीला शंभर तर लागत्यातच." आणि तिनं एक आणि दोन यांच्यामध्ये बोट घातलं, जागा केली, आणि तिथं शून्य काढलं. एकशे दोन. मग स्वतःशीच म्हणाली, "मधली जागा खायची न्हाई."

मी वडलांना विचारलं, तुम्हाला हे कुठून आलं. ते म्हणाले, "तुमीच सांगितलं की. घर रिकामं असलं तर तिथं शून्य बसवायचं. मला आदी कळलं न्हाई. चार दिस ऐकल्यावं मंग गाडीवं बसून इचार केला." त्यांची शाळा चौथीत सुटली होती. भागाकाराचा धडा यायच्या आत.

तिथं मी तासभर होते. तेवढ्या वेळात मुलीनं मला सात-आठ वेळा थांबवलं. प्रत्येक वेळी एका अगदी लहानशा जागी, जिथं मला अडण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. दोन महिन्यांच्या माझ्या बोलण्यात त्या सगळ्या जागांवरून मी सपाट्यानं पुढे गेले होते. माझा भाऊ लांब मोटारसायकलवर बसून कंटाळला होता, दोनदा हॉर्न वाजवून झाला होता.

निघताना मला साहेबांचा फोटो आठवला. मी पर्समधून मोबाईल काढला. आईच्या लगेच लक्षात आलं. ती पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "कोपीचा फोटू नगं बाई. तिकडं कुनीबी बघंल." मी मोबाईल परत ठेवला. पोरगी माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. मी पर्समधली माझी पेन्सिल तिला दिली. तिनं ती कानामागं खोचली आणि परत भांड्यांकडे गेली.

त्यानंतर आम्ही वेगळी रीत ठरवली. पोरीला काय अडलं ते तिनं सकाळी वडलांना सांगायचं. वडलांनी रांगेत नंबर लागेपर्यंत मला साधा फोन लावायचा, दुपारच्या सुट्टीत. मी त्यांना सांगायचं, त्यांनी मला थांबवायचं, आणि कळलेलं परत जाऊन पोरीला सांगायचं. ना लिंक, ना व्हिडिओ. साध्या बोलण्याचा फोन, जो आमच्या गावात टाकीपाशी न जाताही लागतो.

हे फार सुरळीत चाललं असं सांगितलं तर ते खोटं होईल. काही आठवडे फोनच आला नाही. कधी ते गाडीवर बसल्या बसल्या झोपून गेलेले असायचे. कधी बैलाचा खूर दुखावलेला, कधी मुकादमाशी वाद. कधी फोन यायचा आणि ते प्रश्नच विसरलेले असायचे. "कायतरी इचारलं हुतं बघा तिनं, जीभंवं हाय," असं म्हणून दोन मिनिटं आठवत राहायचे आणि मागून गाड्या हलल्याचा गलका झाला की फोन कट. मी हातात मोबाईल घेऊन पोत्यावर बसून राहायची. चिडचिड व्हायची. पण आता जो प्रश्न यायचा तो खरा असायचा, आणि एका खऱ्या प्रश्नासाठी मला दहा मिनिटं बोलावं लागत नव्हतं.

जानेवारीच्या परिषदेत मी पंधरा स्लाइडा दाखवल्या नाहीत. उभी राहिले आणि जे घडलं ते सांगितलं. निळ्या खुणा मुलीच्या नव्हत्या, वडलांच्या होत्या, हेही सांगितलं. सभागृहात थोडी खसखस पिकली. मागच्या बाकावरच्या एक बाई मात्र हसल्या नाहीत. त्या नंतर मला येऊन म्हणाल्या, माझ्याही वर्गाच्या निळ्या खुणा कुणाच्या आहेत, ते बघायला पाहिजे. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "छान आहे बाई, भावना पोचली. पण हे वर दाखवायचं कसं? पुरावा काय?"

"पोरीला भागाकार येतो."

"तो झाला परिणाम. मला पुरावा पाहिजे. तुम्ही फॉर्म भरा, त्यात सगळं बसतं."

फॉर्म मी भरायला बसले. पहिलाच रकाना जिल्हा. यादीत आमचा जिल्हा दोनदा होता, एकदा जुन्या नावानं आणि एकदा नव्या. नवं नाव निवडलं तर तालुक्यांची यादी रिकामी यायची. जुनं निवडलं तर तालुके यायचे, पण शेवटी लाल अक्षरांत यायचं की जिल्ह्याचे नाव अवैध आहे. गुरुजी म्हणाले, बाई, आपण दोन्ही नावांत नाही, हे ॲप बरोबरच सांगत होतं. केंद्रप्रमुखांना विचारून तो डोंगर ओलांडला, तर पुढे अनिवार्य रकाना आला, ई-साहित्याची लिंक. माझ्याकडे लिंक नव्हती. मी 'फोनवरील संभाषण' असं लिहिलं, ते त्याला चाललं नाही. वापरलेले उपकरण विचारलं, त्यात टॅब, संगणक, डिजिटल फळा, स्मार्ट टीव्ही होतं. साधा फोन नव्हता आणि टायरगाडी तर नव्हतीच. तीन दिवस मी त्या फॉर्मशी झुंजले. चौथ्या दिवशी केंद्रप्रमुखांचा निरोप आला, मुदत संपली, तुमची माहिती निरंक दाखवली आहे. निरंक म्हणजे काहीच घडलं नाही.

मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटलं. बक्षिसासाठी नाही. दोन वर्षांनी कुणी ते कागद काढून बघितले असते, तर त्यात दिसलं असतं की या शाळेत त्या हिवाळ्यात बाईंनी काही केलं नाही आणि ती मुलगी पाच महिने गैरहजर होती. शेजारच्या शाळेत कुणीतरी डिजिटल फळ्यापुढे पोरांना बसवून फोटो काढला होता, त्यांची शाळा हिरवी दिसत होती. तो फळा सुरू होता की नाही, कोण विचारतो.

मार्च संपता संपता गाड्या परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी शाळेच्या पायरीवर बसलेली. उन्हानं रापलेली, जरा उंच झालेली. मी तिला सगळ्यांच्या आधी फळ्यापाशी बोलावलं आणि भागाकार घातले. एक चुकला, बाकीचे बरोबर आले. मधली शून्यं सगळी जागच्या जागी होती. मला वाटलं, जिंकलो.

मग मी तिला पुस्तक दिलं. ती वाचायला लागली आणि माझं जिंकणं तिथंच संपलं. जोडाक्षरांपाशी अडखळत होती, ओळ संपवताना आधीचा शब्द विसरत होती. नोव्हेंबरमध्ये बेताचं का होईना वाचणारी पोरगी दुसरीतल्या पोरासारखं बोट ठेवून वाचत होती. पाच महिने तिच्यासमोर छापलेलं एक पानही आलं नव्हतं. आम्ही तिघं मोळ्या मोजण्यात इतके रमलो होतो की वाचनाचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आवाजानं वाचायला शिकवता येत नाही, आणि वडील जे गाडीवर बसून विचार करून समजून घेऊ शकत होते, त्यात अक्षरांची ओळख बसत नव्हती.

एप्रिल महिना मी तिच्यासाठी राखला. रोज शाळा सुटल्यावर ती आणि मी पायरीवर बसायचो, मधे पुस्तक. साधं पुस्तक, मळलेलं. ती वाचायची, मी ऐकायची, ती थांबायची, मीही थांबायची. महिनाअखेरीस ती पूर्वीच्या जागी आली. पुढे नाही गेली, पूर्वीच्या जागी आली एवढंच. तिला पाचवीत ढकलताना मला त्याचं समाधान वाटावं की लाज, हे मी आजही ठरवू शकलेले नाही.

निकालाच्या दिवशी आई आली होती. तिनं दाराशी न थांबता आत येऊन सांगितलं, की पुढच्या साली पोरीला चुलतीकडं ठेवायचं ठरलंय, धाकटा तोवर अडीच वर्षांचा होतोय. "तिनंच धोसरा लावलाय," ती म्हणाली. "म्हनती, मला थांबा म्हनायला समोर कुनीतरी पायजे." मुलगी आता पाचवीत शेजारच्या गावातल्या शाळेत जाते, मैत्रिणींबरोबर चालत. दिवाळीनंतरही गेली. तिच्या तिथल्या सरांनी मला एकदा बाजारात गाठून सांगितलं की तुमची ती पोरगी फार प्रश्न विचारते, धडा पुढं सरकू देत नाही. ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. मी त्यांना म्हणाले, "विचारू द्या सर."

त्याआधी, निकालानंतरच्या जूनमध्ये मी पालकांचा ग्रुप आवरायला घेतला होता. चौथीतून गेलेल्या पोरांच्या पालकांचे नंबर दरवर्षी काढून टाकते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मुलीच्या वडलांचा फोन आला.

"बाई, माझा नंबर काडला का तुमी?"

"हो. मुलगी पाचवीत गेली ना आता."

"ती गेली. म्या कुटं गेलो?" ते म्हणाले. "अपूर्नांक राह्यलाय आपला. हिवाळ्यात पुन्यांदा रांगंत बसायचंच हाय."

मी नंबर परत घातला. ग्रुपचा काय उद्देश आणि त्यात कोण असावं याचे नियम मीच लिहून दिलेले आहेत, त्यात हे कुठेच बसत नाही. हिवाळ्यात त्यांना पाव आणि अर्धा यांतलं मोठं कोण हे समजावताना मला तीन दुपारी लागल्या. आणि रोज पहाटे सूर्य, गुलाबाचं फूल आणि सुप्रभात असा फोटो ते ग्रुपवर टाकतात. मी त्यांना दोनदा सांगून बघितलं की हा शाळेचा ग्रुप आहे, इथं असलं टाकायचं नसतं. ते व्हय म्हणतात.